ह नंतरचं अक्षर

पाचपावलीच्या बंद पडलेल्या मनपा शाळेत
रात्री साडेआठला आमचा वर्ग भरतो.
बाकं तिसरीच्या पोरांची,
त्यामुळे देवाजी धकाते आडवे बसतात,
गुडघे रस्त्यात,
आणि नसीमबी सरळ खालीच, चटईवर.
मे महिना. कूलर एवढा ओरडतो
की मी 'घर' म्हटलं तर मागे 'गर' पोचतं.
बंद केला तर कुणी थांबत नाही.
म्हणून फळ्यावर जास्त, तोंडाने कमी,
असं शिकवते मी.

त्या रात्री ह संपला
आणि मी ळ काढला.
पंचफुला मावशीने पेन्सिल खाली ठेवली.
पहाटे चारपासून कॉटन मार्केटात सांबार विकून आलेली बाई,
नखांत अजून हिरवं.
"ह्या अक्षरानं कोनता शबूद सुरू होते, मॅडम?"
एकही नाही, म्हटलं.
"मंग ह्याले इथं काहून बसवलं?"

उत्तर नव्हतं, म्हणून शब्द लिहिले.
शाळा. फळा. नळ. डोळा.
त्यांनी वाचले :
शाया. फया. नय. डोया.
अठरा तोंडं, एका सुरात,
एकही चूक न करता.

मला हसू आलं नाही.
मला पुण्यातलं वसतिगृह आठवलं,
जेवणाची रांग,
मी 'केयं' म्हटलं होतं
आणि पुढचं वर्षभर तेच माझं नाव होतं.
मग आरशासमोर उभी राहून
जीभ टाळूकडे वळवायला शिकले.
बावीस दिवस लागले.
तो वर्ग मी एकटीनेच भरवला होता.

देवाजींनी विचारलं, खय कशी लिवाची?
कोष्टी माणूस. चाळीस वर्षं सुताला लावली,
माग भंगारात गेला तेव्हाही
हाताचा वास गेला नाही म्हणतात.
मी लिहिलं : खळ.
ते उठून फळ्यापाशी आले,
चश्मा कपाळावर ढकलून
त्या दोन वेटोळ्यांवर बोट ठेवलं.
"हे त गाठीवानी हाय.
तुटला धागा आमी असाच जोडत होतो."
आणि बोटाला लागलेला खडू
पायजम्याला न पुसता
जागेवर जाऊन बसले.

पंचफुला मावशीला झोन ऑफिसात अर्ज द्यायचा होता.
महिनाभर ती त्याच एका ओळीवर होती :
आमच्या गल्लीत नयाले पानी येत नाही.
लाल पेन माझ्या हातात होता.
मी खोडलं का? खोडलं.
अर्ज टेबलावर जाणार होता,
आणि टेबलापलीकडची माणसं कशी वाचतात
ते मला माहीत आहे.
पण खोडताना रेघ वाकडी गेली.

मावशीने ती रेघ पाहिली, मला पाहिलं.
चटईवरून नसीमबी म्हणाली,
"हमारे में तो नल बोलते.
पानी उसमें भी नहीं आता."
कूलरच्या वर आवाज गेला हसण्याचा.
मग मावशीनेच निकाल दिला :
"अर्जात नळ लिवू. घरी नय म्हनू.
पानी कोनतं नाव आयकते ते पाहू."
आणि ओळ पुन्हा लिहिली,
ळ तिच्या वहीत इतका मोठा आला
की शेजारचा न अंग चोरून उभा.

अर्ज जमा झाला, पोच मिळाली, शिक्का गोल आहे.
नळाचं अजून काही नाही.
कूलरच्या टाकीसाठी
आळीपाळीने घरून डबकी येतात.

काल वर्गाला कुलूप लावून
कमाल चौकापर्यंत चालत आले.
पोह्यांच्या गाडीमागे जरा अंधार होता,
तिथे उभी राहून काटोलला आईला फोन लावला.
मोतीबिंदू पिकलाय, म्हणत होती मागे.
"माय, तुह्या डोयाचं कवा करतेत वं?"
विचारलं मी.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग तिने विचारलं,
"कोन बोलते?"